डावीकडची हवा

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आज दिवसभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, एवढंच काय ते घडलं. बाकी त्या दुपारी कुणी कुणाला काही बोललं नाही, कुठे काही आदळलं नाही, फुटलं नाही. दवाखान्याच्या आवारात हे विस्फारलेल्या बाहुल्यांनी माझ्याकडे, खरं तर माझ्या कानाशेजारच्या कुठल्या तरी उजेडाकडे बघत उभे राहिले आणि तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात द्यावं तशी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "हळू चालव. क्लच एकदम सोडू नकोस, आवाज येतो त्याचा." मी म्हटलं, बरं. लायसन्स मलाही आहे, ह्यांच्याही आधीपासूनचं आहे. पण शेजारचा माणूस दर गिअरला दाढ दुखल्यासारखं तोंड करत असेल तर बाई किती दिवस गाडी चालवणार? माझी दुचाकी बरी आणि मी बरी, असं म्हणून केव्हाच नाद सोडला होता. तर त्या दिवशी कित्येक वर्षांनी मी उजव्या सीटवर बसले. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, गाडी चालू केली, एसी लावला, आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत माझ्या हातांवर गार वारा आला.

गार म्हणजे नुसतं बरं वाटावं असं गार नाही, बोटांची पेरं आखडावीत असं. मनगटावरून वर चढत तो वारा मानेशी आला आणि अंगावर काटा उभा राहिला. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? एसी छान चाललाय, हे नाही आलं. मनात आलं, आज आपलं अंग शहाण्यासारखं वागतंय, गोळी लागू पडली बहुतेक. इतकं ते माझ्यात मुरलं होतं. मग चौकात लाल दिव्याला थांबले आणि सहज डावीकडे पाहिलं. ह्यांच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. कानामागून एक ओघळ मानेवर उतरून कॉलरमध्ये शिरत होता. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता आणि हे घडी केलेल्या रुमालाने घाम टिपत होते. पुसत नव्हते, टिपत होते, कुणाला दिसू नये अशा बेताने. हा माणूस सिनेमाला गेला आणि एसी कमी वाटला तर मध्यंतरात मॅनेजरला गाठतो. चहा कोमट आला तर कप परत पाठवतो. झोपेत पंख्याचा वेग एकाने कमी केला तरी डोळे न उघडता विचारतो, पंखा कुणी कमी केला? तो माणूस माझ्या जागेवर, माझ्या हवेत, घामाने निथळत बसला होता आणि ब्र काढत नव्हता. मी विचारलं, "ठीक आहे ना हो?" "ठीक आहे," हे म्हणाले, "तू पुढे बघ." दिवा हिरवा झाला होता, मागच्याने हॉर्न दिला आणि मी पुढे बघितलं.

घरी आल्यावर हे पडदे ओढून आडवे झाले. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून अर्धं झालं तरी तशीच उभी राहिले. ही गाडी घेतली तेव्हा ह्यांनीच मोठ्या कौतुकाने मला ती दोन बटणं दाखवली होती. एक उजवीकडच्याचं, एक डावीकडच्याचं. मधल्या छोट्या पडद्यावर दोघांचे दोन आकडे. "तुझं तुला, माझं मला. भांडणच नको." तेव्हा किती बरं वाटलं होतं मला, आपल्या नावाचं एक बटण गाडीत आहे म्हणून. गेले दोन उन्हाळे ते बटण मी शेवटपर्यंत फिरवून ठेवत आले. पडद्यावर सगळ्यात गार आकडा दिसायचा आणि अंगाची मात्र लाही लाही व्हायची. पाठ सीटला चिकटायची, केस मानेला. मी जाळीसमोर हात धरून म्हणायचे, "अहो, ही हवा गरम आहे." त्यावर हे कधी चिडले नाहीत, ओरडले नाहीत. चिडले असते तर मला कदाचित शंका आली असती. हे हसून म्हणायचे, "अगं, मी इथे कुडकुडतोय. तापलेल्या हाताला गार हवाही गरमच लागते. वय आहे, होतं असं, त्यात लाजायचं काय?" आणि डावीकडच्या दाराच्या कप्प्यात ह्यांनी माझ्यासाठी ओल्या रुमालांचं पाकीट आणून ठेवलं. संपलं की नवीन. न सांगता, न विसरता. मी मैत्रिणीला सांगितलं होतं, बाई, नवरा मिळावा तर असा.

लेकीने मला नाव पाडलं, भट्टी. ती मागे ह्यांच्या पाठीशी बसायची, पाय वर घेऊन, शाल पांघरून. "बाबा, भट्टी पेटली बघा." मग तिघंही हसायचो. मीही हसायचे, आणि खोटं नाही, मनापासून हसायचे, कारण आपल्या अंगाची गंमत आपणच केली की ते अंग जरा कमी परकं वाटतं. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, रक्त पाहिलं, म्हणाल्या, तसं काही फार नाही, कधी होतं हे? मी म्हटलं, गाडीत. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "फक्त गाडीत?" आणि मी, अक्कल कुठे गहाण टाकली होती कुणास ठाऊक, ओशाळून म्हणाले, जास्त करून गाडीत, पण तसं रात्रीही होतं. रात्रीही व्हायचं, ते खरंच होतं. तेच तर वाईट आहे. पाळी जायच्या दिवसांत जे व्हायचं ते मला होतच होतं, आणि त्या खऱ्या घामात हा दुसरा घाम कुणी तरी बेमालूम मिसळून दिला होता. गोळ्या चालू झाल्या. त्यांनी सकाळी तोंड कडू व्हायचं. त्या कडूपणालाही मी वयच म्हणत होते.

आता कुणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट तुला कळली कशी नाही? मला कळायलाच हवी होती. जगात कुणाला नाही कळली तरी मला. मी औषधांच्या शीतगोदामात काम करते. लशी, इन्शुलिन, असली नाजूक औषधं राहतात त्या खोल्यांचं तापमान सांभाळणं हे माझं काम, आणि त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. कामावर नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला मी खोलीच्या दारापाशी उभं करून दोन आकडे दाखवते. हा वरचा आपण लावलेला आकडा, हा खालचा आत खरोखर असलेला. वरचा आपली इच्छा आहे, त्यावर विश्वास ठेवलास तर सगळा माल मातीत जाईल. आणि दुसरं, आत हात घालून गार वाटतंय, गरम वाटतंय, असं मला येऊन सांगायचं नाही. हाताला काय वाटतं ते विचारलेलं नाही, काटा काय म्हणतो ते सांग. हे मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेत बोलेन. आणि गाडीत बसून दोन उन्हाळे मी समोरच्या पडद्यावरचा आकडा बघत होते, जो माझी इच्छा होता, नुसती इच्छा, आणि खालचा आकडा दाखवायला तिथे माझ्या कातडीशिवाय काही नव्हतं. ती बिचारी ओरडून सांगत होती आणि मी तिला म्हणत होते, तुला विचारलेलं नाही. माझंच शिकवलेलं मला इतकं पाठ झालं होतं.

ह्यांचं कामही तसंच. हे कान तपासतात. इस्पितळात ह्यांची एक आवाजबंद खोली आहे, जाड दाराची. त्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे हे बसून बारीक बारीक आवाज सोडत राहणार. घरी येऊन गमती सांगायचे. "आज एक आजोबा, मी काही लावलेलंच नाही आणि हे आपले दाबतायत बटण. नसलेला आवाज ऐकू येतो माणसाला, विचारू नकोस. घाबरलेला माणूस तर हटकून दाबतो." त्यामुळे आमच्या घरात नुसतं काही वाटून चालायचं नाही. लेक लहानपणी म्हणायची, पोटात दुखतंयसं वाटतंय, की आम्ही दोघं एकदम विचारायचो, वाटतंय की दुखतंय? मोठा अभिमान होता आम्हाला त्याचा. आणि ज्याचं पोट आवाजावर चालतं त्याला घरी आवाज सोसत नाही. फ्रीज घरघरला की त्याच्या खाली पुठ्ठा, खिडकी वाजली की फटीत कागदाची घडी, आणि चिकटपट्टी तर सदैव खिशात. गाडीत नाण्याचा खुळखुळाट झाला तरी हे गाडी बाजूला घ्यायचे.

आधण पुन्हा ठेवलं आणि मला ती टिकटिक आठवली. दोन उन्हाळ्यांमागे, उन्हाळा सुरू होता होता, गाडीत डावीकडे, माझ्या गुडघ्यांच्या वर कुठे तरी आत टिकटिक व्हायला लागली होती. एसी लावला की टिक टिक टिक, थांबायची, पुन्हा टिक टिक. मला तिचं काही नव्हतं. ह्यांची मात्र झोप उडाली. गॅरेजवाल्याने सांगितलं, पुढचा सगळा डॅशबोर्ड उतरवून बघावं लागेल. हे घरी येऊन म्हणाले, "एकदा तो उतरवला की संपलं. पुन्हा बसवतात तेव्हा हजार ठिकाणी खडखडतो. मरेपर्यंत खडखडतो. त्यापेक्षा मीच बघतो." सुट्टीच्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन खाली गेले, जेवायच्या वेळी वर आले, कोपरं खरचटलेली आणि चेहरा उजळलेला. "सापडलं. प्लास्टिकचा एक तुकडा अडकला होता." मी खरचटलेल्या जागी मलम लावलं. लेकीला म्हटलं, बघ, बाबांना सगळं येतं. त्यानंतर टिकटिक आली नाही. आणि त्यानंतर माझं वय सुरू झालं. हे दोन्ही एकाच आठवड्यातलं आहे हे मला चहा गाळताना कळलं.

तरी मी ह्यांच्या बाजूने बोलत होते, मनातल्या मनात. ह्यांना तरी काय माहीत असणार? हे उजवीकडे बसणार, ह्यांना गार लागणार, ह्यांना वाटणार बायकोचं वय झालं. साधा भोळा गैरसमज. चहाचा कप घेऊन मी खोलीत गेले आणि उंबऱ्याशी थबकले, कारण मला नणंद आठवली. ह्यांची थोरली बहीण, ह्यांच्यावर हात उगारू शकेल अशी जगात उरलेली एकच बाई. मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिला आणायला गेलो. मी आपली मागे बसायला निघाले, पुढची जागा तिला म्हणून, तर हे म्हणाले, "ताई, तू मागे बस. माझ्यामागे. पुढे फार ऊन येतं." ताई म्हणाली, "अरे, मला पुढे बसायला आवडतं." "नको, ऐक माझं. ही बसते पुढे, हिला सवय आहे." तेव्हा मला काय वाटलं होतं? बहिणीला किती जपतात. ह्यांच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर एकदा आमच्या गाडीतून आले तेव्हाही असंच. त्यांना मागे बसवलं, मानाने, दार उघडून. पुढे मी. ऊन तर दोन्ही बाजूंनी येतं, गाडी वळते तसं. ह्यांना माहीत होतं. ह्या माणसाला माहीत होतं की ती जागा कुणालाही देण्यासारखी नाही, म्हणून ती माझी होती. हे पलंगावरून म्हणाले, "काय गं, उभी का? आण ना चहा." मी दिला. हातात दिला, बशीसकट. ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, छान झालाय.

दुसऱ्या दिवशी कामावर मी आमच्या पेंग्विनला गाठलं. हा आमच्या गोदामाची यंत्रं बघतो, दिवसभर तो जाडजूड कोट घालून डुलत डुलत हिंडतो म्हणून पेंग्विन. त्याला म्हटलं, एका गाडीचा एसी आहे, उजवीकडे बर्फ, डावीकडे भट्टी. गॅस गेला असेल का? तो म्हणाला, "मॅडम, कुणाची गाडी?" मी म्हटलं, आहे एकाची. "गॅस कमी असला तर यंत्र बंद-चालू बंद-चालू करत राहतं, तेवढं एकदा बघून घ्या. पण उजवीकडे इतकं कडक गार म्हणजे गॅस ठणठणीत असणार. गाडीत गार हवा न् गरम हवा दोन्ही आत तयार असतात. त्यांच्यामधे एक झडप, तिला एक छोटी मोटर. झडप अडकली गरमावर. विषय संपला." मग म्हणाला, "आणि डावीकडे बसतो कोण? दोन दिवस तरी कसा बसला तिथे?" मी म्हटलं, असते एकेकाला सवय. तो हसला आणि मीही हसले, कारण तो विनोदच करत होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी हे झोपले आणि मी खाली गेले. सोबत कामावरचे दोन तापमापक, बारीक वायरीच्या टोकाला घुंगराएवढा डोळा असतो ते, लेकीच्या खोलीतला टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर. खालच्या पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. गाडी चालू केली, दोन्ही बटणं सगळ्यात गारावर नेली. बॉनेटखालच्या यंत्राकडे कान लावून बसले. ते एकदा सुरू झालं ते सुरूच राहिलं, बंद-चालू करत नव्हतं. मग एक डोळा उजव्या जाळीत खोचला, एक डाव्या. काच वर करून मधोमध हातांत दोन्ही तापमापक धरून बसले, जशी काही परीक्षेलाच बसले होते. उजवीकडचा आकडा उतरत गेला, भराभर, आमच्या औषधांना चालेल इतका खाली. डावीकडचा खाली गेलाच नाही. तो वर गेला. बाहेरच्या उन्हापेक्षा वर. मी दोन्ही डोळ्यांची अदलाबदल केली, उजवीकडचा डावीकडे, कारण तापमापक बिघडलेला असू शकतो आणि आधी त्याच्यावर संशय घ्यायचा हे मीच सगळ्यांना शिकवते. पुन्हा तेच. तेव्हा मला रडू आलं. आनंदाने म्हणा हवं तर. दोन उन्हाळे जी बाई खोटं बोलतेय असं मला वाटत होतं ती खरं बोलत होती, आणि तिची साक्ष काढायला शेवटी मीच आले होते. ओले रुमाल कप्प्यात होतेच, त्यातला एक काढून तोंड पुसलं आणि मग तो रुमाल कुणी ठेवलाय ते आठवून फेकून दिला.

समोरचा सामानाचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबला की खाली लोंबतो, हे मला गॅरेजवाल्याला एसीचा फिल्टर बदलताना पाहून माहीत होतं. तो उतरवला, मान वाकडी करून टॉर्च मारला. आत काळोख, धूळ, वायरींचे जुडगे. डावीकडे वर एक काळी डबी दिसली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्यातून निघायला हवी ती वायर तिच्यात नव्हती. ती बाजूला नेऊन दुसऱ्या जुडग्याला बांधली होती, नीट, कुठे लागू नये, वाजू नये अशी. चिकटपट्टीने. आणि त्या चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं. बारीकसं, त्रिकोणी, नखाने दाबून. आमच्या घरात प्रत्येक चिकटपट्टीचं टोक असं दुमडलेलं असतं. "अर्धं जग ते टोक शोधण्यात म्हातारं होतं," हे म्हणतात, "पुढच्याला सापडलं पाहिजे." लग्नानंतर नव्या संसाराची खोकी फोडताना मी पहिल्यांदा ते टोक पाहिलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, हा माणूस पुढच्याचा विचार करतो, ह्याच्याबरोबर आपलं निभेल. त्याच टोकाला धरून मी पट्टी सोडवली. पटकन सुटली. वायर त्या काळ्या डबीत दाबून बसवली, गाडी चालूच होती, आणि आतून आवाज आला. टिक टिक टिक. ती मोटर झडप ओढायला बघत होती आणि तिचे दात तुटलेले होते, त्यामुळे नुसतीच घसरत होती. दोन उन्हाळे तिचं तोंड बांधून ठेवलं होतं. मी वायर पुन्हा काढली, कप्पा बसवला, सगळं होतं तसं केलं आणि वर आले.

हे जागे होऊन पेपर वाचत होते. "कुठे गेली होतीस?" "खाली. गाडी पुसायला." हे पेपर खाली करून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "एवढ्या उन्हात? अगं, सोसत नाही ना तुला." आणि उठून पंखा वाढवला. खरी काळजी होती त्या बोलण्यात, शपथेवर सांगते. तीच मला सोसेना. खोटी असती तर मी तिथेच फडाफडा बोलून मोकळी झाले असते. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले तर शब्द सगळे तयार होते, ओळीने. तुम्हाला आवाज नको होता म्हणून तुम्ही मला भाजलंत. पहिल्या दिवशी नसेल कळलं, मान्य. दुसऱ्या दिवशी? ताई आली तेव्हा? मी गोळ्या आणल्या आणि तुम्ही पाण्याचा पेला भरून दिलात, तेव्हा? आणि ह्यांचं उत्तरही मला तयार ऐकू येत होतं, शांत, समजुतीचं, मी आजच सांगणार होतो तुला. ते उत्तर मला नको होतं.

आठवडाभर मी ह्यांच्या शेजारी झोपले. रात्री घाम यायचा आणि मी अंधारात पडून विचारायचे, हा कुणाचा? माझा की ह्यांनी दिलेला? खोलीत पंखा नीट चालू, खिडकी उघडी, म्हणजे माझा. पण मला ते मनापासून पटायचं नाही. चोरी झालेल्या घरात माणूस आपल्याच वस्तू पुन्हा पुन्हा चाचपून बघतो, तसं झालं होतं. आणि त्यातच ती नव्या गोदामाची गोष्ट. शहराबाहेर आमचं नवं मोठं शीतगोदाम उभं राहतंय, ते सगळं मी सांभाळावं असं वरिष्ठांनी विचारलं होतं. रोजचं जाणं-येणं गाडीने, उन्हाळा असो काही असो. वीस वर्षं याच कामाची वाट पाहिली मी. आणि मी वरिष्ठांना म्हणाले होते, विचार करून सांगते, तब्येत साथ देत नाही. घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले होते, "बरं केलंस. या वयात कशाला दगदग? आणि त्या गाडीत तुला किती त्रास होतो." त्या गाडीत. हे शब्द ह्यांनी उच्चारले, सहज, दाढी करता करता, आरशात बघत. मला ते ऐकू आले होते, पण मी ते ऐकले मात्र आत्ता. शुक्रवारी मी वरिष्ठांना फोन केला आणि हो म्हणून सांगितलं. गोळ्यांचं डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं होतं, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, मग गोळ्या थोडे दिवस थांबवून बघू.

लेक यंदापासून शिकायला वसतिगृहात आहे, तिला सुट्टीसाठी घरी आणायला जायचा दिवस आला. निघायच्या आधी मी एकटी खाली जाऊन आले. हे किल्ली घेऊन उतरले तर मी उजवीकडच्या दारापाशी उभी. "मी चालवते." "अगं, डोळे झाले माझे बरे." "असू दे. मला सवय व्हायला हवी." ह्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि वळसा घालून डावीकडे गेले. पट्टा लावला. मी दोन्ही बटणं गारावर नेली, एसी लावला, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत टिकटिक सुरू झाली. टिक टिक टिक. थांबली. पुन्हा टिक टिक. ह्यांची मान हलली नाही. पण ह्यांचा कान हलला, म्हणजे हलत नसतो माणसाचा कान, पण इतकी वर्षं मी तो बाजूने बघत आले आहे, मला कळतं. ह्यांची नजर खाली, त्या कप्प्यावर गेली. तिथून माझ्या हातांवर आली. मी गाडी चालवत राहिले.

मोठ्या रस्त्याला लागलो. ऊन वर आलं होतं. ह्यांच्या कपाळावर घाम डवरला, दाढीखाली उतरला. मी म्हटलं, "नव्या गोदामाला मी हो म्हणून कळवलंय." "अगं, या तब्येतीत?" हे म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब शर्टावर पडला. दोघांनीही तो पाहिला. टिक टिक टिक. मला वाटलं, आता. आता हा माणूस बोलेल. सगळं एका दमात बोलून टाकेल, चुकलो म्हणेल, आणि मी गाडी बाजूला घेईन, भांडेन, रडेन, मग कदाचित. ह्यांनी रुमाल काढून हनुवटी टिपली. मग हे घसा साफ करून, समोर बघत, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आवाज येतोय ना गं कसला तरी?"

मी हे सगळं काही ठरवून आले नव्हते. वायर जोडायची, एवढंच ठरवलं होतं. पण वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलेलंच होतं, ह्यांच्याच चालीत, ह्यांच्याच मायेने. "कसला हो?" मी म्हटलं. "मला तर नाही येत." किती सोपं होतं ते. मी दोन उन्हाळ्यांचा हिशोब मनात मांडत बसले होते, की ह्यांना हे जमलं कसं, रोज, इतक्या जवळ बसून, आणि ते जमायला काहीच लागत नव्हतं. जीभसुद्धा अडखळली नाही. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे, आणि तरी त्यांच्या डोळ्यांत क्षणभर, अगदी क्षणभर, त्या आवाजबंद खोलीत बटण घेऊन बसलेल्या माणसाची शंका आली. मी ती ओळखली, माझ्या ओळखीचीच होती. "नाही," हे म्हणाले, "मलाच वाटलं असेल." मी मान हलवली. माझ्या हातांवर गार वारा येत होता, आत टिकटिक चालूच होती, आणि मांडीवर ठेवलेल्या ह्यांच्या हाताचं बोट दर टिकेला थोडंसं खाली दाबलं जात होतं.